तुलनेचा फोटो

कुरियरवाल्याने बेल वाजवली तेव्हा गोपाळकृष्ण पागनीस दाढी करत होते. एका गालाचा फेस तसाच ठेवून त्यांनी दार उघडलं, सही केली, खोकं कानाशी नेऊन हळूच हलवून पाहिलं आणि सवयीने आत तोंड करून हाक मारली, "वासंती, आला गं!"

आत कुणी नव्हतं. वासंती पुण्याला लेकीकडे होती, आणि तिला जाऊन आता आठ-नऊ महिने होत आले होते. कुरियरवाल्याला मात्र वाटलं, हाक आपल्यालाच. तो जिन्यावरून मागे वळला. "कुछ कहा, अंकल?"

"नहीं भैया, तुम चलो," असं म्हणून त्यांनी दार लावलं आणि राहिलेली अर्धी दाढी केली.

पागनीस मूळचे शिंद्यांच्या पागेवरचे. खापरपणजोबांनी घोडे पारखले, यांनी कॅमेरे. पॉलिटेक्निकात शिकवण्याची नोकरी पोटासाठी होती. जीव होता तो पुण्याच्या एका छायाचित्रणाच्या मासिकात. त्यात ते नव्या कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहीत. मासिक छापायचं बंद होऊन नुसती वेबसाइट उरली, संपादक बदलत बदलत अभिजीत नावाचा तरुण आला, गोपाळकृष्ण निवृत्त झाले, पण कॅमेरे येतच राहिले. कंपनीने काही दिवसांसाठी कॅमेरा पाठवायचा, यांनी तो सगळीकडून छळून बघायचा, खरं काय ते लिहायचं आणि पुसूनबिसून परत पाठवायचा. उज्जैनच्या माधव नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरातून किती कॅमेरे पाहुणचार घेऊन गेले, याला गणती नव्हती.

त्यांच्या परीक्षणाची एक खूण होती. शेवटी एक फोटो असायचा, आणि तो दर वेळी तोच असायचा. नृसिंह घाटाची पाण्यालगतची पायरी, सकाळचं समोरून येणारं ऊन, आणि पायरीवर जांभळी साडी नेसून बसलेली वासंती. जांभळी अशासाठी, की या रंगाला भले भले कॅमेरे फसतात आणि निळा करून टाकतात. वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली, कारण लेन्स खरी की खोटी ते केसांत कळतं. चांगल्या लेन्समधून कानामागची बट सुटी सुटी दिसते, वाईट लेन्समधून नुसता काळा गोळा. हसायचं नाही, कारण हसलं की चेहऱ्यावरच्या सावल्या बदलतात. माणूस तेच, जागा तीच, साडी तीच. बदलला तो फक्त कॅमेरा. गोपाळकृष्ण याला तुलनेचा फोटो म्हणत. वाचक त्याला वहिनींचा फोटो म्हणत, आणि बरेच जण परीक्षण न वाचता थेट तिथेच जात.

सगळे फोटो ओळीने लावले असते तर पहिल्यातली वेणी काळीभोर आणि अलीकडची अर्धी पांढरी दिसली असती. बसणं मात्र तेच होतं. एका उन्हाळ्यात वासंती म्हणाली होती, "यंदा केस कापूनच टाकते हो. मान सगळी घामोळ्यांनी भरते." तेव्हा गोपाळकृष्णांनी दचकून वर बघितलं होतं. "आणि तुलना?" ते म्हणाले होते. तिने केस कापले नाहीत. त्यांच्या लेखी तो विषय तिथेच मिटला होता.

आता खोक्यातून निघालेला, वासंती गेल्यापासूनचा पहिलाच कॅमेरा बघून त्यांना बरं वाटलं. छोटासा, जाडजूड, कडेने केशरी रबर लावलेला, खिशात मावेल असा. पाण्यात पंधरा मीटर खोल नेला तरी चालेल, दोन मीटरवरून पडला तरी चालेल, गारठला, धुळीत लोळला तरी चालेल, असं खोक्यावर मोठ्या फुशारकीने छापलं होतं. थोडक्यात, एकट्या राहणाऱ्या निवृत्त माणसाला जे जे सोसावं लागतं ते सगळं सोसायची त्याची तयारी होती. गोपाळकृष्णांना हा विनोद सुचला आणि तो कुणाला सांगावा म्हणून त्यांनी फोन उचलला.

वासंती गेली होती ती मृण्मयीच्या बाळंतपणाला. सवा महिना झाला की येते म्हणाली होती. मग बारसं होऊ दे म्हणाली, मग मान धरू दे, मग उष्टावण होऊ दे. मग मृण्मयीचं ऑफिस सुरू झालं. भांडण म्हणाल तर एक शब्दाचं नाही. भांडण असतं तर एक वेळ परवडलं असतं, हात जोडून मोकळं होता आलं असतं. इथे तर ती रोज फोन करायची, जेवलात का विचारायची, आणि येण्याचा विषय तेवढा कुशीवर वळून झोपी जायचा.

"कॅमेरा आलाय," गोपाळकृष्ण म्हणाले.

"हो का? छान."

"पाण्यात चालणारा आहे. वॉटरप्रूफ. आता तुलनेचा फोटो राहतो ना गं. दोन दिवस येऊन जा. रिझर्वेशनचं मी बघतो."

"दोन दिवसांसाठी? अहो, पुणं काय आपल्या शेजारच्या देवासच्या पुढे आहे का?"

"मग चार दिवस ये. तुझ्याशिवाय या कॅमेऱ्याचं खरं काय ते कळायचंच नाही." हे वाक्य आपण फार मायेने बोललो असं त्यांना वाटलं.

"कॅमेऱ्याचं," वासंती म्हणाली. "नाही हो जमणार. इथे सकाळी माझा क्लास असतो."

"कसला?"

"पोहण्याचा. सोसायटीत पूल आहे ना. आम्ही पाच-सहा जणी जातो."

"पोहण्याचा? तू? घाटावर घोट्याच्या वर पाणी आलं की तुझा जीव खालीवर व्हायचा!"

"खालीवर नव्हता होत. तुम्ही हलू नकोस म्हणायचात, म्हणून बसून राहायची." मग ती हसली. "यज्ञेश्वरभाऊजींना बसवा ना या वेळी. परेशान नका होऊ. हे बघा, कोण उठलंय! ईरा, आजोबांना टाटा कर."

फोनच्या पडद्यावर नातीचा गोल चेहरा आला आणि दोन बाजूंनी वासंतीचे हात दिसले, हिरव्या बांगड्यांचे. हल्ली असंच व्हायचं. फोन वासंतीच्या हातात, म्हणून वासंती पडद्यामागे. मृण्मयी फोटो पाठवायची तेही सगळे ईराचे, आणि त्यांत आजीचे फक्त हात.

गोपाळकृष्णांनी फोन ठेवला. त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच होतं. घर खायला उठतं, दुपारी चार वाजता चहा एकट्यासाठी टाकायचा म्हणजे जिवावर येतं, परत ये, एवढंच सांगायचं होतं. महिनोन् महिने ते हे मनाशी घोकत होते, आणि दर वेळी तोंड उघडलं की बाहेर पडायचा तो कॅमेरा. आज तर कॅमेऱ्याला त्यांनी मुद्दाम पुढे केलं होतं. तो तिला घेऊन येईल अशी त्यांची खात्री होती. ती चक्क नाही म्हणाली.

मग ते कामाला लागले. काम काही कुणासाठी थांबत नव्हतं.

पडण्याची चाचणी त्यांनी फ्रीगंजात टॉवर चौकाजवळच्या फुटपाथवर घेतली, कारण घरातल्या फरशीवर पडण्यात काही अर्थ नाही असं त्यांचं मत होतं. हात वर करून त्यांनी कॅमेरा सोडला. तो दोन उड्या मारून एका मुलीच्या पायाशी गेला. "अंकल, आपका कैमरा गिर गया," म्हणत तिने तो लगबगीने उचलून दिला. त्यांनी धन्यवाद म्हटलं, ती वळेपर्यंत वाट बघितली आणि पुन्हा सोडला. ती पुन्हा धावली. या वेळी तिने कॅमेरा त्यांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं स्वतःच मिटवली आणि विचारलं, "घर में कोई है ना, अंकल? किसी को फोन कर दूँ?" गोपाळकृष्ण "हाँ हाँ, सब हैं," असं म्हणाले आणि तिसऱ्यांदा न पाडताच घरी आले. कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता.

गारठ्यासाठी त्याला फ्रीजरमध्ये ठेवायचं होतं. फ्रीजर उघडला तर मटारच्या पिशव्या. गेल्या थंडीत वासंतीने सोलून भरून ठेवल्या होत्या, जायच्या आधी. त्यांनी एकही फोडली नव्हती. ती आल्यावर करू म्हणून राहिलेलं हे पीक आता बर्फात पार बुडालं होतं. त्यांनी दोन पिशव्यांच्या मध्ये कॅमेरा ठेवला आणि दार लावलं. सकाळी तो ठणठणीत सुरू झाला.

पंधरा मीटर खोल पाणी उज्जैनमध्ये कुठून आणायचं? त्यांनी न्हाणीतली मोठी बादली भरली. कॅमेरा अर्धा तास तळाशी बुडवून ठेवला, मग पाण्याखालून नळाचे, साबणाच्या वडीचे आणि शेवटी स्वतःच्या पावलाचे फोटो काढले. पाऊल फारच म्हातारं दिसलं, म्हणजे लेन्स चांगली होती. बाहेर काढून, कोरडा करून त्यांनी बॅटरीचं झाकण उघडलं. आत थेंब नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला दोऱ्याएवढं पातळ रबर असतं. पाण्याला अडवतं ते तेच. त्यावर वाळूचा कण किंवा एखादा धागा राहिला की संपलं. प्रत्येक वॉटरप्रूफ कॅमेऱ्याच्या परीक्षणात ते हे ठळक अक्षरांत लिहीत: झाकण लावण्यापूर्वी रबर स्वच्छ, बिनधाग्याच्या फडक्याने पुसा. वाचक ऐकत नाहीत, याचं त्यांना दुःख होतं.

राहिला तुलनेचा फोटो.

यज्ञेश्वर म्हणजे शेजारचे, बँकेतून निवृत्त झालेले. माणूस दिलदार, पण हौस दांडगी. सकाळी घाटावर जायचं ठरलं तर गृहस्थ आदल्या दिवशी केस काळे करून आले होते. तोंडाला पावडर, डोळ्यांना गॉगल.

"अहो, चामडीचा पोत बघायचाय मला! पावडर कशाला?" गोपाळकृष्ण म्हणाले.

"फोटो आहे ना? मग? वहिनी नाहीत तर नाहीत, पण शोभा तर राहिली पाहिजे की नाही यार!" यज्ञेश्वर पायरीवर बसले, छाती पुढे काढली आणि दात दाखवले. हसू नका म्हटलं तर त्यांना जास्तच हसू यायचं. जरा वेळाने ते गंभीर झाले, ते वेगळ्याच कारणाने. "एक बात सांगा, पागनीस. वहिनी येणार आहेत ना?"

"येतील ना. न यायला काय झालं?"

"नाही, आमची मंगला म्हणत होती..." मंगला म्हणजे त्यांची बायको; ती काय म्हणत होती ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी गॉगल पुसला आणि परत घातला.

ते फोटो काही कामाचे नव्हते. कॅमेऱ्याने यज्ञेश्वरांच्या तोंडाभोवती पिवळी चौकट झटकन दाखवली, चेहरा ओळखला, सगळं रीतसर केलं. पण ओळीत लावायला तिथे गोपाळकृष्णांना जे पाहिजे होतं ते नव्हतं. निदान रंगाची तरी तुलना व्हावी म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं आणि जांभळी साडी काढली. वासंती ती एरवी कधी नेसत नसे. टेस्टची साडी, असंच तिचं नाव पडलं होतं. पुण्याला जाताना तिने ती नेली नव्हती यात नवल नव्हतं. तरी घडी छातीशी धरल्यावर त्यांना क्षणभर ती नेली असती तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

कार्तिक चालू होता. घाटावर पहाटेच्या स्नानाला आलेल्या बायका अजून रेंगाळत होत्या, ओल्या साड्या पिळत होत्या. गोपाळकृष्ण कॅमेरा हातात घेऊन उभे राहिले तशी त्यांतली एक पुढे आली. "भैया, यहाँ फोटो मत खींचो."

"मैं तो सीढ़ी का..." ते म्हणाले. इतकी वर्षं ते याच दिवसांतही इथे येत होते आणि त्यांना कुणी कधी हटकलं नव्हतं. बरोबर वासंती असायची. तिच्यामुळे ते बायकोचा फोटो काढणारे गृहस्थ होते. तिच्यावाचून ते बायकांच्या घाटावर कॅमेरा घेऊन उभे राहिलेले एक म्हातारे होते. कानशिलं तापली त्यांची. ते खाली मान घालून वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि शेवटची बाई कलश घेऊन निघून जाईपर्यंत नदीकडे पाठ करून राहिले.

मग ते खाली आले. पायरी पुसली, साडी उलगडून तिच्यावर पसरली, वाऱ्याने उडू नये म्हणून टोकांवर खडे ठेवले. ऊन आलं होतं. नेहमीच्या जागी उभं राहून त्यांनी फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला. जांभळा रंग जांभळाच आला होता, अगदी जसाच्या तसा. इतका खरा जांभळा त्यांनी कितीतरी कॅमेऱ्यांत पाहिला नव्हता. याला रंगासाठी पैकीच्या पैकी द्यायला हवेत, असं त्यांनी मनात ठरवलं, आणि त्याच वेळी त्यांना फार एकटं वाटलं.

तेवढ्यात बॅटरी संपली. फ्रीजरमधल्या मुक्कामाने ती थकली असावी. साडी गोळा करून मांडीवर घेऊन ते दोन पायऱ्या वर, सावलीत बसले आणि झाकण उघडून दुसरी बॅटरी घातली. रबर पुसायला खिशात फडकं शोधलं तर ते घरीच राहिलं होतं. वासंती असली की अशा वेळी काही न बोलता पदर पुढे करायची आणि ते लेन्स पुसायचे. हाताला ती सवय होती. त्यांनी मांडीवरच्या साडीचा पदर घेतला, त्याने रबर गोल पुसलं आणि झाकण खटकन लावलं. ठळक अक्षरांत लिहिणारे ते हेच गृहस्थ.

आता फक्त पाण्यातून घाटाचा एक फोटो हवा होता, अर्धी लेन्स पाण्याखाली आणि अर्धी वर. साडीचा बोचका वासंतीच्या पायरीवर ठेवून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते उतरले. दगडांवर शेवाळ होतं. एक पायरी, आणखी एक, आणि पाणी कमरेला लागलं तसे ते थांबले, कारण पोहायला त्यांना काही येत नव्हतं. पाणी गार होतं. त्यांनी वळून वाकून कॅमेरा पाण्याच्या रेषेवर धरला. समोर ती पायरी, तिच्यावर जांभळा बोचका. पडद्यावर पिवळी चौकट चेहरा शोधत इकडून तिकडे फिरली, बोचक्यावर जरा थांबली आणि नाहीशी झाली. ते बटण दाबणार तोच काचेवर आतून धुकं धरलं. मग काचेच्या आत पाण्याची एक रेघ दिसली, ती हलली, आणि पडदा काळा झाला.

पाण्याबाहेर येऊन त्यांनी झाकण उघडलं. चमचाभर पाणी ओघळलं. रबरावर आडवा एक केस बसला होता. त्यांनी चिमटीत धरून तो ओढला. तो येतच राहिला, येतच राहिला. हातभर लांब केस, मुळाकडे पांढरा आणि टोकाकडे काळा.

पागनीस त्या पायरीवर बसले. इतक्या वर्षांत ते तिथे पहिल्यांदाच बसले होते, आणि बसताक्षणी ऊन थेट डोळ्यांत घुसलं. डोळे उघडे ठेवणं शक्य नव्हतं. वासंती इथे बसायची, आणि ते तिकडून ओरडायचे, मिचकावू नकोस, हलू नकोस, हसू नकोस. ती नाही मिचकावायची. तिने हे कसं केलं असेल, ते त्यांना समजेना. त्यांना रडू आलं. डोळ्यांत ऊन गेलं असं सांगायलाही शेजारी कुणी नव्हतं, म्हणून ते पोटभर रडले. मग नाक पुसून त्यांनी आधी अभिजीतला फोन लावला.

"काय सांगता सर! वॉटरप्रूफ कॅमेऱ्यात पाणी?" अभिजीत हरखलाच. "मग हेच लिहू ना आपण. लोक तुटून पडतील."

"नाही. बादलीत तो चांगला अर्धा तास टिकला होता. रबरावर केस राहिला तो माझ्या हातून. यात कॅमेऱ्याची चूक नाही, पारखणाऱ्याची आहे. तसंच लिहीन आणि कंपनीलाही तसंच कळवीन."

"बरं. आणि वहिनींचा फोटो?"

"तो नाही या वेळी," गोपाळकृष्ण म्हणाले.

मग त्यांनी वासंतीला फोन लावला. ती नुकतीच पोहून आली असावी; श्वास लागला होता तिला.

"झाला का फोटो?"

"नाही. कॅमेरा बुडाला."

"बुडाला? पाण्यात चालणारा ना तो?"

"झाकणात तुझा केस अडकला होता. टेस्टच्या साडीवरचा."

"केवढा आहे?" तिने विचारलं.

"लांब. अर्धा पांढरा."

"मग जुना असेल. अहो, मी केस कापले."

"कधी?"

"उष्टावणाच्या आधी. पोहताना टोपीत मावेनात. मग म्हटलं, टाकावेत कापून. आता कानापर्यंतच आहेत. मृण्मयी म्हणते बरी दिसतेस."

गोपाळकृष्णांनी डोळे मिटले आणि कानापर्यंत केसांची वासंती नजरेसमोर आणून बघायचा प्रयत्न केला. ती येईना. वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली, न हसणारी बाई तेवढी पुन्हा पुन्हा यायची. जगातल्या कुठल्याही नवऱ्याने काढले नसतील इतके फोटो त्यांनी बायकोचे काढले होते, आणि ती आज कशी दिसते हे त्यांना ठाऊक नव्हतं. या विचाराने ते घाबरले, अगदी लहान पोरासारखे घाबरले.

"मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"सांगणार होते. मग वाटलं, तुम्ही म्हणाल, तुलना बिघडली."

"बिघडू दे. वासंती, मला इथे करमत नाही गं. कॅमेऱ्यासाठी नाही म्हणत. मलाच करमत नाही."

लांबून ईराचा काहीतरी कुरकुरण्याचा आवाज आला. मग वासंती म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला होता, "मी एवढ्यात नाही यायची हो. खोटं कशाला सांगू? सकाळी पाण्यात पडले ना, की मला फार बरं वाटतं. मला कुणी हलू नकोस म्हणत नाही तिथे."

"मग मी येऊ?"

"या ना! विचारता काय परक्यासारखं?"

गोपाळकृष्ण ताडकन उभे राहिले. पायजम्यातून पाणी ठिबकत होतं तरी त्यांना एकदम हुशारी आली. "येतो. लगेच येतो. अभिजीतला सांगून असाच दुसरा मागवून घेतो, म्हणजे तुझे पाण्याखालून पोहताना..."

"अहो."

ते थांबले. बारशाला गेले होते तेव्हा मृण्मयीने बाळाला त्यांच्यासमोर धरलं होतं, "घ्या ना बाबा," म्हणाली होती. "एक मिनिट, उजेड फार छान आहे," असं म्हणून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला होता. फोटो अप्रतिम आले होते. लेन्स परत करायची मुदत होती म्हणून ते तिसऱ्या दिवशी निघालेही होते. ते एक मिनिट अजून संपलं नव्हतं.

"रिकाम्या हाताने या," वासंती म्हणाली. "ईराला घ्यायला दोन्ही हात लागतात."